ना शांत, ना फेसाळ

कोणत्याही पेयाला चव आपोआप येत नाही; ती मंजूर व्हावी लागते. पाणी आणि दूध ही मागासलेली पेयं अजून मंजुरीविना घशाखाली उतरतात, आणि समाजात त्यांना काय मान आहे ते आपण पाहतोच.

आमच्या मोंतेरीत असा निष्काळजीपणा नाही. रोन नदीच्या अलीकडे, पडक्या किल्ल्याखाली जो उतार आहे तेवढंच आमचं साम्राज्य. नदीच्या वरच्या अंगाला जी तांबडी वाइन होते तिचं नाव घेताना लोक आवाज खाली आणतात. आमचं नाव ऐकल्यावर लोक "कुठं आलं हे?" म्हणतात, आणि आम्ही हात लांब करून दाखवेपर्यंत विषय बदललेला असतो. आम्ही फक्त पांढरी वाइन करतो. ती दोन प्रकारची: शांत आणि फेसाळ.

गावात पक्षही दोनच. शांतवाले चर्चमध्ये डावीकडे बसतात, फेसाळवाले उजवीकडे. शांतवाल्यांच्या मते फेस म्हणजे वाइनने केलेला आरडाओरडा. फेसाळवाल्यांच्या मते शांत वाइन म्हणजे अजून अंथरुणातून न उठलेली वाइन. दोन्ही पक्षांची द्राक्षं तीच, उतार तोच, आणि बऱ्याचदा ट्रॅक्टरही तोच. त्यामुळे मतभेद टिकवायला कष्ट पडतात. पण गावाने कष्टाला कधी मागेपुढे पाहिलेलं नाही. दोन पक्षांत लग्नंही होतात. (अशा जोडप्यांपैकी निम्मी सुखात आहेत. ती व्हालांस शहरात राहायला गेली.)

या सगळ्यावर देखरेख करते ती चव-निश्चिती समिती. मी तिचा चिटणीस. चिटणिसाला मत नसतं, त्यामुळे माझं मत सर्वांना मान्य असतं.

समितीचे अध्यक्ष एदमों शाबानेल. फेसाळवाल्यांतलं सर्वांत मोठं तळघर त्यांचं. शांतवाल्यांच्या बाजूने आर्मांदबाई रोश. त्यांनी आयुष्यात फेसाळ वाइनला ओठ लावलेला नाही, आणि म्हणूनच तिच्याविषयीची त्यांची मतं इतकी वर्षं स्वच्छ राहिली. लुसियाँ मास्तर पूर्वी शाळेत भूमिती शिकवायचे. आणि आशिलकाका. एका तापात काकांच्या नाकाची वास घेण्याची शक्ती कायमची गेली, तेव्हापासून त्यांच्या निर्णयांत जे सातत्य आलं ते इतर कोणाला साधलेलं नाही.

बाटल्या ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांच्यावर लोकरीचे मोजे चढवतात. मोजे आर्मांदबाईंनी स्वतः विणलेत, आणि कोणता मोजा कोणाच्या बाटलीवर चढवायचा हेही त्याच ठरवतात, त्यामुळे गुप्ततेत कुठे ढिलाई राहत नाही. चवीसाठी मंजूर शब्द तीन: पांढरी फुलं, पिकलेलं पेअर आणि ओला दगड. "ओल्या दगडा"वर एकदा कोणी व्हालांसकराने शंका काढली, की समितीने दगड चाखला आहे काय? समितीने विषय गांभीर्याने घेतला. सर्वजण ओढ्यावर गेले आणि लुसियाँ मास्तरांनी समितीच्या वतीने दगड चाटला. मास्तरांचा अभिप्राय: "यात किंचित वाइनची चव आहे." तेव्हापासून कोणी शंका काढलेली नाही.

अशी घडी नीट बसलेली असताना त्या वसंतातल्या बैठकीत राखाडी मोजा पुढे आला.

बूच काढलं. फट् असा आवाज आला असता तर प्रश्नच नव्हता. काहीच आवाज आला नसता तरी नव्हता. बाटलीने उसासा टाकला. एखादी बाई पायऱ्या चढून वर येते आणि खुर्चीत बसताना टाकते, तेवढाच. पेल्यात चारदोन बुडबुडे वर निघाले, अर्ध्या वाटेत रेंगाळले आणि विरून गेले.

"ही फेसाळ आहे," आर्मांदबाई पेला लांब सारत म्हणाल्या.

"छे, छे!" अध्यक्ष म्हणाले. "हिला फेसाळ म्हणाल तर आमची नाचक्की. ही शांतच."

"शांत वाइन अशी गुदगुल्या करत नाही, अध्यक्ष."

"तुम्हाला काय माहीत गुदगुल्या झाल्या? तुम्ही प्यायलात?"

"दिसतंय ना डोळ्यांना!"

बाटलीतल्या वायूचा दाब मोजण्याचं यंत्र मागवलं आणि न उघडलेल्या दुसऱ्या बाटलीला लावलं. काटा हलला, जरा पुढे गेला आणि थांबला. नियमात एक रेषा आहे, तिच्या खालची वाइन शांत. दुसरी एक रेषा आहे, तिच्या वरची फेसाळ. काटा दोहोंच्या मधे उभा होता. या मधल्या जागेत काय राहतं ते नियम करणाऱ्यांनी लिहून ठेवलेलं नव्हतं. तिथे कोणी राहायला जाईल असं त्यांना वाटलंच नसावं. लुसियाँ मास्तरांनी फळ्यावर दोन समांतर रेषा काढल्या, मधल्या रिकाम्या पट्टीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "इथे काही नाही."

आशिलकाकांनी पेला संपवला होता. "पांढरी फुलं," ते म्हणाले. ते नेहमी तेच म्हणतात.

ठराव झाला: सदर वाइन शांत नाही, फेसाळ नाही, आणि तिसरा प्रकार नसल्यामुळे सदर वाइन अस्तित्वात नाही. खात्री करून घेण्यासाठी समितीने अस्तित्वात नसलेली ती बाटली संपवली, आणि खात्री पक्की व्हावी म्हणून दुसरीही.

ती वाइन रेजीन फोरीची होती हे मोजा उतरवल्यावर सर्वांना नव्यानेच कळलं.

रेजीन म्हणजे अध्यक्षांची मेहुणी. त्यांची बायको सोलांज तिची थोरली बहीण. रेजीनने लग्न केलं नाही, बापाचा उतार एकटीने सांभाळला. किल्ल्याला लागून, सगळ्यांत वरच्या अंगाला, बकऱ्या जिथे विचार करून पाय टाकतात तिथे तिच्या वेली. तळघर खडकात कोरलेलं. थंडीत ते इतकं गार पडतं की वाइन आंबता आंबता मधेच झोपी जाते, आणि उन्हं तापली की उठून पुढचं काम उरकते. त्यातून तो उसासा. बापाच्या हातूनही तशीच व्हायची. पूर्वीच्या समित्या तिला डोळे झाकून शांत म्हणत आल्या होत्या. पण पूर्वी दाब मोजायचं यंत्र नव्हतं. प्रगती झाली की कोणाला तरी गैरसोय होतेच.

दुसऱ्या दिवशी रेजीन कचेरीत आली. पायांत मळ्यातलेच मातीने भरलेले बूट.

"दाजी, माझी वाइन नाहीशी झाली म्हणे?"

"बस, रेजीन. हे बघ, मी इथे तुझा दाजी नाही."

"बरं. अध्यक्ष, माझी वाइन कुठे गेली?"

"गेली कुठेच नाही. ती नव्हतीच, असं ठरलंय. आता तू एक कर. तिला गाळून घे, शांत होईल. नाहीतर थोडी साखर, थोडं यीस्ट घाल, छान फेस येईल. समिती तुझ्या पाठीशी आहे. फक्त तिला म्हणावं, काहीतरी एक ठरव."

"ती काय लग्नाची मुलगी आहे ठरवायला?"

"सगळे ठरवतात, रेजीन."

"तुम्ही आमच्या घरी ताईला मागणी घालायला आलात तेव्हा बाबांनी हीच दिली होती. पेल्यावर पेले रिचवलेत तुम्ही. उठताना दाराऐवजी कपाटाचं दार उघडलंत."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"तेव्हा मी समितीवर नव्हतो," अध्यक्ष म्हणाले.

रेजीनने गाळणं आणि साखर दोन्ही नाकारलं. मग जे झालं ते नियमाने झालं, त्यात कोणाचा राग नव्हता. वाइनला मंजुरी नाही, म्हणून बाटलीवर "मोंतेरी" हे नाव चालणार नाही. पण बाटलीवर उत्पादकाचा पत्ता असावा लागतो, आणि पत्त्यात गावाचं नाव येतं. समितीने सौजन्याने सुचवलं की पत्त्याच्या जागी नुसता पिनकोड घालावा. पुढे लक्षात आलं की उताराच्या त्या भागाला गावात "फोरीचा माथा" म्हणतात, आणि मंजूर नावांच्या यादीत तो आहे. तेव्हा आडनावही गेलं. राहिलं "रेजीन". यावर आर्मांदबाईंनी हरकत घेतली, की रेजीन म्हणजे राणी आणि असली पदवी ग्राहकाची दिशाभूल करते. (ही हरकत फेटाळली गेली. समिती सूडबुद्धीने वागत नाही.)

रेजीनने बाटल्यांना कोरा पांढरा कागद चिकटवला. मागे पिनकोड.

व्हालांसच्या दुकानदाराने माल परत पाठवला. भला माणूस, तो म्हणाला, "बाई, चव मला आवडते, पण गिऱ्हाईक वाचतं काय?" नदीकाठच्या खानावळीनेही हात वर केले. उन्हाळा सरेपर्यंत खडकातलं तळघर भरलेलंच राहिलं आणि नवं पीक ठेवायला जागा उरेना. रेजीनने माथ्यावरच्या जुन्या वेली उपटायचं बोलून दाखवलं. त्या तिच्या आजोबांनी लावलेल्या. मी एकदा वर गेलो तेव्हा ती दगडी बांधावर बसून एका वेलीच्या खोडावरची साल नखाने काढत होती.

"उपटणं सोपं नाही," ती म्हणाली. "मुळं खडकात गेलीत. सुरुंग लावावा लागेल."

"लावणार?"

"तुमच्या समितीला विचारा. सुरुंग शांत प्रकारात येतो का फेसाळ?"

रविवारी ती सोलांजकडे जेवायला जात असे. ती रीत तिने मोडली नाही. टेबलावर भरलेला कोंबडा, बटाटे, बकरीच्या दुधाचं चीज, आणि रेजीनने आणलेली कोरी बाटली. ती पेले भरू लागली की अध्यक्ष आपल्या पेल्यावर तळहात ठेवत. मीही त्या जेवणांना असायचो, कारण माझी बायको वारल्यापासून सोलांजबाई मला बोलावतात. एका रविवारी मात्र सोलांजबाईंनी उठून नवऱ्याचा हात पेल्यावरून उचलला, पेला भरला आणि हात परत वर ठेवला. अध्यक्ष जेवण संपेपर्यंत तसेच बसले. चीज त्यांनी डाव्या हाताने खाल्लं.

त्यानंतर त्यांच्या मुलीचं, क्लोतिल्दचं लग्न निघालं. नवरा मोठ्या शहरातला, लियोंचा. मांडव किल्ल्याखालच्या कुरणात. अध्यक्षांनी आपल्या तळघरातली उत्तमोत्तम फेसाळ वाइन काढली. सोलांजबाईंनी जाहीर केलं की शेजारी रेजीनचीही ठेवायची.

"ते शक्य नाही," अध्यक्ष म्हणाले. "अख्खा जिल्हा येणार. माझ्या मांडवात नामंजूर वाइन?"

"तिची मावशी आहे ती. मावशीची वाइन नको, तर मावशी तरी कशाला? आणि मावशी नको तर आई कशाला?"

अध्यक्षांनी चिटणीस या नात्याने माझा अभिप्राय मागितला. मी नियम पाहून सांगितलं की नामंजूर वाइन ठेवायला बंदी आहे खरी, पण ही वाइन नामंजूर नाही. ती अस्तित्वातच नाही. जे नाही त्याला मांडवात मनाई करता येत नाही. अध्यक्ष नियम मानणारे गृहस्थ आहेत. त्यांनी मांडवात जागा करून दिली.

लग्नाच्या दिवशी ऊन असं पेटलं की अध्यक्षांच्या बाटल्या उघडताना तोफा सुटल्यासारखी बुचं उडू लागली. एक बूच पाद्रीबुवांच्या हॅटवर, एक केकच्या तिसऱ्या मजल्यावर. अर्धी वाइन गवताने प्यायली. रेजीनच्या बाटल्या ओढ्यात गार करत ठेवलेल्या. त्या उघडल्या, त्यांनी उसासा टाकला, आणि लियोंची मंडळी त्यांच्याभोवती जमली ती जेवणाची घंटा झाली तरी हलेना. नवऱ्याचा मामा मोठ्या उपाहारगृहाचा मालक. कोरा कागद उलटसुलट करून तो म्हणाला, "यावर काहीच लिहिलेलं नाही! काय हिंमत आहे! कोणाची कल्पना?"

"समितीची," रेजीन म्हणाली.

मामांनी तळघरच उचललं. लियोंमध्ये कोऱ्या बाटलीचा गाजावाजा झाला. तिथल्या लोकांना कोणीतरी सांगितलं की ही वाइन मिळत नाही, म्हणून त्यांना ती हवीशी वाटू लागली. रेजीनने सुरुंगाचा विषय सोडला. सोलांजबाई तिला मिठी मारून रडल्या, आणि मग दोघी जणी दाजींच्या डाव्या हाताची नक्कल करून हसत सुटल्या.

गावाने यातून योग्य तो बोध घेतला. पुढच्या हिवाळ्यात शांतवाले आणि फेसाळवाले, दोघांच्याही तळघरांत शीतयंत्रं येऊन पडली. खडकाची थंडी आता बटण दाबून मिळू लागली. शांतवाले आपल्या वाइनला जरा जागी करू लागले, फेसाळवाले जरा थोपटून निजवू लागले. चर्चमध्ये मधल्या बाकांवर गर्दी झाली. आणि समितीने, जनमताचा आदर राखून, तिसरा प्रकार मंजूर केला.

त्याला नाव दिलं "कुजबुजती". व्याख्या लुसियाँ मास्तरांनी केली: बुडबुडे पेल्याच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंत चढतील व तिथे थांबतील, उसासा ऐकू येईल, परंतु शेजारच्या खोलीत जाणार नाही. उसासा तपासण्यासाठी चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख निमंत्रित. उद्घाटनाच्या भाषणात अध्यक्ष म्हणाले, "ही आपल्या वाडवडिलांची परंपरा आहे." ते बोलताना गहिवरले. वाडवडील सासऱ्यांचे होते, एवढाच फरक.

रेजीनला यात पडायचं नव्हतं. "माझं बरं चाललंय कोऱ्या कागदावर," ती म्हणाली.

सोलांजबाई ऐकेनात. "अगं, तुझ्याच वाइनला नाव मिळालंय. बाबांचं आडनाव परत बाटलीवर येईल. एकदा पाठव. माझ्यासाठी पाठव."

बाबांचं नाव निघाल्यावर रेजीन तळघरात उतरली. तिने बाटली पाठवली.

कुजबुजत्या वाइनच्या पहिल्या बैठकीला टेबलावर रंगीबेरंगी मोजे ओळीने उभे होते. बाटल्या उघडत गेल्या, सारखे उसासे येत गेले; यंत्रं एकाच कारखान्याची होती. बुडबुडे ठरलेल्या उंचीवर कवायतीतल्या शिपायांसारखे थांबत. समिती प्रसन्न होती. मग एका बाटलीने निराळाच उसासा टाकला. जरा लांब, जरा खालच्या पट्टीत. बुडबुडे कधी इथे थांबत, कधी तिथे; एक तर वरपर्यंत गेला आणि परत येतो की काय असं वाटलं.

"ही काही आपल्यातली नाही," गायकवृंदाचे प्रमुख म्हणाले.

"चवही जास्त आहे," आर्मांदबाई म्हणाल्या. त्या आता कुजबुजती पितात. "अंगावर येते."

लुसियाँ मास्तरांनी फळ्यावर आकडे मांडले. बाकी सर्व बाटल्या एकमेकींसारख्या, ही एकच वेगळी. प्रातिनिधिक चव म्हणजे बहुसंख्यांची चव. तेव्हा ही वाइन कुजबुजतीच्या परंपरेला धरून नाही. शांत नाही, फेसाळ नाही आणि आता कुजबुजतीही नाही. पूर्वी ती दोन प्रकारांत बसत नव्हती, आता तिन्ही प्रकारांत बसत नाही; म्हणजे तिची घसरण चालू आहे, अशी नोंद करावी.

मोजा उतरवला. आत कोरा कागद.

अध्यक्षांनी पेला पुन्हा उचलला, नाकाशी नेला, आणि क्षणभर मला वाटलं की ते सासऱ्यांच्या कपाटाचं दार शोधताहेत. मग त्यांनी पेला खाली ठेवला. "ठराव एकमताने झालाय," ते म्हणाले. "घरच्या माणसासाठी मी तो फिरवला, तर लोक काय म्हणतील?"

निकाल सांगायला त्यांनी मला पाठवलं. सोबत एक सवलतही दिली: रेजीनला हवं असेल तर कुजबुजती वाइन कशी करावी याचं प्रशिक्षण समितीतर्फे मिळेल. शिकवणार अध्यक्ष स्वतः.

मी वर पोचलो तेव्हा दोघी बहिणी माथ्यावर छाटणी करत होत्या. मी निकाल सांगितला, सवलतही सांगितली. रेजीनने कात्री खाली ठेवली. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. "बाबांचं नाव लागलं असतं," एवढंच म्हणाली आणि पाठ करून उभी राहिली.

सोलांजबाईंनी कात्री उचलली. "त्यांना सांगा," त्या मला म्हणाल्या, "की मीही अस्तित्वात नाही. जेवण शोधावं."

तेव्हापासून त्या माथ्यावरच्या घरात राहतात. अध्यक्ष शिजवायला शिकत आहेत. उकडलेल्या अंड्यांत त्यांची चांगली प्रगती आहे. नाताळसारख्या मोठ्या सणाला ते चढ चढून वर जातात, दारात हॅट काढून उभे राहतात, आणि सोलांजबाई त्यांना आत घेतात, जेवू घालतात आणि परत पाठवतात. वेली जागच्या जागी आहेत. दोघी मिळून त्यांची देखभाल करतात. बाटल्यांवर कोराच कागद असतो. लियोंच्या लोकांना अलीकडे दुसरं काहीतरी न मिळणारं सापडलंय, त्यामुळे खप आधीइतका नाही. पण तळघर रिकामं होतं आणि दोघींचं भागतं.

आता थोडं तुमच्याविषयी.

तुम्ही रेजीनच्या बाजूचे आहात हे मी ओळखून आहे. तिची वाइन गावात सर्वोत्तम, आणि समिती मूर्खांची, हे तुम्ही केव्हाच ठरवून टाकलंत. हरकत नाही. फक्त एक गोष्ट ध्यानात घ्या: तुम्ही ती वाइन चाखलेली नाही. थेंबभरही नाही. पेला उजेडात धरलेला नाही, उसासा ऐकलेला नाही. त्या उतारावर तुमचं पाऊल पडलेलं नाही. कदाचित ती खरोखरच आंबट असेल. तरी तुमचं मत इतकं ठाम, की आमच्या आर्मांदबाईंनी तुमच्याकडून शिकावं.

तीन प्रकार झाल्यामुळे समितीचं काम वाढलंय आणि एक जागा नव्याने भरायची आहे. मी तुमचं नाव सुचवलं. एकमताने मंजूर झालं. मोजा कोणत्या रंगाचा हवा तेवढं कळवा.